जे आधी घडेल ते

नायगावात तीन गोष्टींचे अंदाज बाराही महिने बांधले जातात: पाऊस, सोयाबीनचा भाव आणि प्राध्यापक भरती. पहिल्या दोन्हींत अंदाज बांधणारा एखाद्या वर्षी तरी बरोबर निघतो. तिसऱ्यात अंदाज बांधणारे सगळे पीएच.डी. झालेले असल्यामुळं ते निष्कर्षाची घाई करत नाहीत.

नांदेडहून देगलूरकडं आणि पुढं हैदराबादला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला चहाची हॉटेलं आहेत. त्यातल्या एकात सकाळी दहाच्या सुमाराला जाऊन बसलं की एका बाकड्यावर चार विषय बसलेले दिसतात: मराठी, प्राणिशास्त्र, लोकप्रशासन आणि भौतिकशास्त्र. चौघांच्याही नावामागं डॉ. आहे, चौघांत मिळून पेपर एक आहे आणि त्या पेपरातही वाचलं जाणारं पान एकच, जाहिरातींचं. हॉटेलवाला या बाकड्याला 'विद्यापीठ' म्हणतो. "विद्यापीठाला चारात दोन!" अशी आरोळी आली की बाहेरगावचा माणूस चमकतो. गावातला चमकत नाही, कारण त्याच्याही घरी एखादा पीएच.डी. असतो, नाही तर होऊ घातलेला असतो.

खरं विद्यापीठ नायगावपासून तासा-दीड तासावर, नांदेडच्या पलीकडं विष्णुपुरीला आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी ते सुरू झालं. त्याआधी संशोधन करायचं तर औरंगाबादेत, १९५८ साली निघालेल्या विद्यापीठात जावं लागायचं. तिथं खोली, खानावळ, गाईडच्या घरी जाताना न्यायचा डबा, असा सगळा हिशेब बसवता बसवता बापाचा जीव जायचा. विष्णुपुरी झाल्यापासून पहाटेच्या एस.टी.नं संशोधनाला जाऊन संध्याकाळी म्हशीच्या धारेला परत येता येतं. ज्ञान दारात आलं ते असं. नोकरी मात्र अजून रस्त्यात आहे.

पीएच.डी. जाहीर झाल्याचा पहिला आठवडा बरा जातो. चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर उमेदवाराचा फोटो चुलतभावाच्या कोटात असतो. 'डॉ.' हे एक अक्षर नावापेक्षा मोठं असतं. खाली शुभेच्छुकांचे चौदा-पंधरा फोटो असतात, त्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल असतो. प्रबंधाचा विषय छापायला जागा उरत नाही, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. आठ दिवसांनी वारं सुटतं, फ्लेक्सचा एक कोपरा निसटतो, आणि मग घरात तो प्रश्न निघतो. आमच्या मराठीवाल्या डॉक्टरांच्या घरी तो जेवताना निघाला.

"आता संपलं ना सगळं?" वडिलांनी विचारलं.

"संपलं, आप्पा. आता पोस्ट डॉक्टरलला अर्ज करायलो."

"ते काय असतंय?"

"पीएच.डी.नंतरचं संशोधन."

"म्हंजे पीएच.डी.त राहून गेलतं ते?"

"राहून गेलं न्हाई. त्याच्या फुडचं."

"पगार हाय का त्याला?"

"फेलोशिप असती. महिन्याला पन्नास हजार."

आप्पांनी भाकरीचा घास तसाच धरला. "मंग आधी हेच कामून न्हाई केलंस?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात दिलेलं नाही.

पोस्ट डॉक्टरल ही मूळची साहेबाच्या आणि त्याहून जास्त अमेरिकेच्या घरची रीत. १९१९ साली तिथं रॉकफेलरच्या पैशावर राष्ट्रीय संशोधन परिषदेनं भौतिक आणि रसायनशास्त्रातल्या नव्या डॉक्टरांना फेलोशिपा द्यायला सुरुवात केली. कल्पना अशी, की डॉक्टरेट झालेल्या तरुणावर शिकवण्याचं ओझं न टाकता त्याला दोन-तीन वर्षं निवांत संशोधन करू द्यावं. ही कल्पना आपल्याकडं निम्मी अमलात आली आहे. शिकवण्याचं ओझं सध्या आमच्या चौघांपैकी कुणावरही टाकण्यात आलेलं नाही.

पण संशोधन थांबलंय असं कुणी समजू नये. नायगावात डॉक्टरेटनंतरचं संशोधन अखंड चालू आहे, फक्त ते कुठल्या विद्यापीठाच्या दप्तरी नाही. त्याचा विषय आहे जाहिरात. जाहिरात निघणार का, निघाली तर कधी, निघाली असेल तर ती खरी का, खरी असेल तर ती कुणासाठी, आणि ज्याच्यासाठी आहे त्याला ती माहीत आहे का, अशी या विषयाची पाच प्रकरणं आहेत. साधनं दोन प्रकारची. प्राथमिक साधन म्हणजे शासन निर्णय. दुय्यम साधन म्हणजे मंत्रालयात शिपाई असलेल्याचा मेहुणा. दोहोंत विरोध आला तर आमचे संशोधक दुय्यम साधन ग्राह्य धरतात.

या शाखेला अभ्यासाची सामग्री कमी पडत नाही. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं नियम केला, की १ जुलै २०२१ पासून विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची. तालुक्यात एकच धावपळ उडाली. ज्यांनी प्रबंधाचं पहिलं प्रकरण चार वर्षं मुरायला ठेवलं होतं, त्यांनी उरलेली पाच एका उन्हाळ्यात उरकली. मग करोना आला आणि तारीख १ जुलै २०२३ वर गेली. धावणारे थोडे थांबले, पाणी प्याले, पुन्हा धावले. आणि १ जुलै २०२३ उजाडता उजाडता आयोगानं जाहीर केलं, की नेट किंवा सेट पुरे, पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे ज्या दिवशी ती सक्तीची व्हायची, नेमक्या त्याच दिवसापासून ती मर्जीची झाली. लोकप्रशासनवाल्या डॉक्टरांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, यावर एक चांगला शोधनिबंध होईल.

तसाच २०८८ हा आकडा. २०२१ च्या नोव्हेंबरात सरकारनं अनुदानित महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकांच्या एवढ्या जागा भरायला मान्यता दिली. राज्यातल्या पाढे पाठ नसलेल्या पोरांनाही हा आकडा तोंडपाठ झाला. भागिले जिल्हे, भागिले विषय, वजा आरक्षणाची बिंदुनामावली, वजा न्यायालयातली प्रकरणं, वजा संस्थाचालकाचा भाचा, असं करत करत आमच्या बाकड्यावर उत्तर आलं ०.३. प्राणिशास्त्रवाल्यांनी सुचवलं, की अर्ज तिघांनी मिळून एक करावा.

याच विषयावरचा एक सवाल २०२३ च्या डिसेंबरात विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनातही निघाला होता: पीएच.डी. करून ही पोरं काय दिवे लावणार? राज्यभरातले संशोधक चिडले. नायगावात कुणी चिडलं नाही. भौतिकशास्त्रवाल्यांनी शांतपणे नोंदवलं, की तालुक्यातली विजेची परिस्थिती पाहता दिवे लावणं हा संशोधनाला पूर्ण खुला आणि समाजोपयोगी विषय आहे, आणि त्यांनी त्याच संध्याकाळी, लाईट होती तोवर, प्रस्ताव लिहायला घेतला.

प्रस्तावाचा विषय निवडणं अवघड नसतं, त्याला परंपरा आहे. एम.फिल.ला तालुका, पीएच.डी.ला जिल्हा, पोस्ट डॉक्टरलला विभाग. मराठीवाल्यांचा प्रबंध 'नांदेड जिल्ह्यातील लोकगीतांचा चिकित्सक अभ्यास' या विषयावर होता. आता प्रस्ताव 'मराठवाड्यातील लोकगीतांचा चिकित्सक अभ्यास' हा आहे. गीतं तीच, आजीही तीच, एस.टी.चा प्रवास तेवढा वाढतो. एम.फिल. बंद झाल्यापासून राज्यातले तालुके मात्र अभ्यासाविना उघडे पडलेत.

आता पैशाचं. ही बाब आप्पांना एका वाक्यात पटली असली तरी ती तशी सरळ नाही. केंद्राच्या पैशावरच्या प्रकल्पात रिसर्च असोसिएट म्हणून लागलं, तर १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या पायरीला महिन्याला ५८,००० रुपये आणि वर घरभाडं. आयोगानं २०२२ च्या शिक्षकदिनी जाहीर केलेल्या राधाकृष्णन फेलोशिपमध्ये महिन्याला ५०,०००, मुदत तीन वर्षं, जागा साऱ्या देशात ९००. देशात जिल्हे साडेसातशेच्या वर आहेत, तेव्हा नांदेड जिल्ह्याच्या वाट्याला एक जागा आणि चिल्लर येते. त्यातही तीस टक्के बायकांसाठी. विज्ञानवाल्यांसाठी राष्ट्रीय पोस्ट डॉक्टरल फेलोशिप वेगळी, तिला वयाची अट ३५.

या ३५ च्या अटीनं आमच्याकडं जेवढे बळी घेतले तेवढे सर्पदंशानं घेतले नसतील. पोरगा बावीस-तेविसाव्या वर्षी एम.एस्सी. होतो. दोन वर्षं स्पर्धा परीक्षा, कारण मामाचा पोरगा पीएसआय झालेला असतो. दोन वर्षं बी.एड., कारण हाताशी काहीतरी असावं. तीन वर्षं नेट, दोन वर्षं गाईडकडं जागा रिकामी व्हायची वाट, पाच वर्षं प्रबंध. बेरीज केली तर मौखिक परीक्षेच्या दिवशी वय भरतं सदतीस. तज्ज्ञ हात मिळवून म्हणतात, "तरुण संशोधक आहात, पुढं चालू ठेवा," आणि खिशातला फॉर्म आपोआप बाद होतो.

जो वयात बसतो त्याला अर्ज भरायचा असतो, आणि तो भरायची जागा म्हणजे बसस्टँडजवळचं ई-सेवा केंद्र. आम्ही मराठीवाल्यांबरोबर गेलो होतो तेव्हा रांगेत पुढं पीक विम्यावाले दोन म्हातारे, लाडकी बहीणच्या केवायसीच्या तीन मावश्या, आणि नॉन क्रीमिलेयरवाला एक पोरगा होता. सगळे ओटीपीची वाट पाहत होते. एका म्हाताऱ्याचा ओटीपी ज्या मोबाइलवर आला होता, तो मोबाइल घेऊन नातू बैलांबरोबर माळावर होता. राष्ट्रीय पातळीवरचं संशोधन अशा परिस्थितीत सुरू होतं.

डॉक्टरांचा नंबर आला. केंद्र चालवणारा पोरगा त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, सरांनी त्याला एक वर्ष व्याकरण शिकवलं होतं. त्यानं आदरानं खुर्ची पुसून दिली आणि पडद्यावरचा रकाना वाचला.

"सर, सध्याची नोकरी काय टाकू? परमनंट, टेम्पररी का अनएम्प्लॉइड?"

ओटीपीसाठी थांबलेल्या मावश्या ऐकत होत्या. त्यातली एक डॉक्टरांच्या सासरवाडीची होती.

"चौथं काय हाय?"

"अदर."

"अदर टाक."

मग प्रस्ताव चढवायची वेळ आली. प्रस्ताव नांदेडच्या डीटीपीवाल्याकडं श्रीलिपीत टाइप केलेला. इथल्या कॉम्प्युटरवर तो उघडला आणि पडद्यावर उद्गारचिन्हं, डॉलर, कंस आणि मधेच एखादं इंग्रजी अक्षर अशी जत्रा भरली. पोरगा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला.

"सर, ह्यो कोणच्या भाषेतला प्रस्ताव हाय?"

"मराठी."

"तज्ज्ञ लोकायला समजंल म्हणा. आमच्या विम्याला असलं चालत न्हाई."

पुढं सहीचा फोटो पन्नास केबीच्या आत बसवण्यात दुपार गेली. डॉक्टरांची सही लांब आहे. नावाआधी डॉ. लिहायला लागल्यापासून ती आणखी लांबली. पोरगा म्हणाला, "सर, डॉ. काढलं तर बसंल." डॉक्टर म्हणाले, "ते काढायचं असतं तर अर्ज कशाला केला असता?" शेवटी सहीतलं आडनाव कापलं. त्या फेलोशिपच्या दप्तरात आज एक डॉक्टर बिनआडनावाचे आहेत.

अर्जाला यजमान संस्थेचं संमतिपत्र लागतं. एखाद्या प्राध्यापकानं लिहून द्यायचं असतं, की हा माणूस माझ्याकडं बसून संशोधन करील, त्याला टेबल-खुर्ची मी देईन. टेबल-खुर्चीवर बहुतेकांची गाडी अडते. प्राध्यापक सज्जन असतो, विषय त्याला आवडलेला असतो, पण त्याच्या विभागात जी एक जादा खुर्ची असते तिच्यावर आधीच एक सीएचबीवाला बसलेला असतो, आणि तोही डॉक्टरच असतो.

हे सगळं जमेपर्यंत तारीख निघून जाते. मग उरतात प्रकल्पांतल्या थेट मुलाखती. त्यांच्या जाहिराती आमच्या बाकड्यावर मोठ्यानं वाचल्या जातात, कारण त्यांची भाषा ऐकण्यासारखी असते: 'पदसंख्या एक. निव्वळ हंगामी. मुदत अकरा महिने किंवा प्रकल्प संपेपर्यंत, जे आधी घडेल ते. उमेदवारांनी मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने उपस्थित राहावे.' या शेवटून दुसऱ्या वाक्यावर आमचे लोकप्रशासनवाले फिदा आहेत. त्यांच्या मते साऱ्या सेवाशर्तींचं सार यात आलं आहे. अनुदान संपेल, गाईड निवृत्त होईल, सरकार बदलेल, उमेदवाराचं लग्न होईल, जे आधी घडेल ते.

एका पदाच्या मुलाखतीला चाळीस-पन्नास जण जमतात, आणि त्यातले तीस-पस्तीस एकमेकांना ओळखतात, कारण मागच्या मुलाखतीलाही तेच होते. उदगीरचा माणूस किनवटच्या माणसाला हळदीचा भाव विचारतो. कुणी बहिणीच्या लग्नाची पत्रिका वाटतं. फायलीतली प्रमाणपत्रं क्रमानं लावता लावता स्थळं ठरतात, प्लॉट विकले जातात, एकाचं सोयाबीन दुसऱ्याच्या गोदामात जातं. दुपारी दोनला नाव पुकारलं जातं तेव्हा माणसाला व्यवहार मधेच सोडून आत जावं लागतं.

आत काय विचारतील याचा नेम नसतो. मराठीवाल्यांना पुण्याकडच्या एका मुलाखतीत तज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाव कोणतं?" "नायगाव," हे म्हणाले. तज्ज्ञांचे डोळे भरून आले. "म्हणजे सावित्रीबाईंचं नायगाव!" आता खरं सांगावं की नाही? सावित्रीबाईंचा जन्म १८३१ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. आमचं नायगाव बाजाराचं. हे प्रामाणिक निघाले. "नाही सर, आमचं नांदेडचं." तज्ज्ञांनी डोळे पुसले आणि चष्मा घातला. दुसऱ्या सदस्याला वाटलं मुंबईचं, नायगाव-दादर. ते म्हणाले, "मग एवढ्या लांब कशाला येता?" तिसऱ्यांनी शेवटचा प्रश्न टाकला: "तुम्ही एवढे उच्चशिक्षित, या पदावर टिकाल का?" पद अकरा महिन्यांचं होतं.

अकरा महिन्यांचाही उपयोग असतो, असं कुणाला वाटत नसेल तर त्यानं आयोगाची २०१८ ची गुणतालिका बघावी. आमच्या बाकड्यावर ती कुठल्याही आरतीपेक्षा जास्त पाठ आहे. विद्यापीठातल्या पदासाठी पदवीला १५ पर्यंत, पदव्युत्तरला २५ पर्यंत, पीएच.डी.ला ३०, जेआरएफसह नेटला ७, शोधनिबंधांना १०, पारितोषिकांना ३ आणि अनुभवाला १०. अनुभवाच्या रकान्यात शिकवणं आणि पोस्ट डॉक्टरल दोन्ही एकत्र, वर्षाला दोन गुण. वर्ष पुरं नसेल तर त्या प्रमाणात गुण कमी. म्हणजे अकरा महिन्यांना १.८३. भौतिकशास्त्रवाल्यांचे १.८३ आहेत आणि दशांश चिन्हानंतरच्या त्या आकड्यांवर त्यांचं लेकरासारखं प्रेम आहे. शंभरांपैकी एवढे बारीक गुण मोजून झाल्यावर तालिकेखाली बारीक अक्षरात लिहिलंय, की हे गुण मुलाखतीला कुणाला बोलवायचं एवढं ठरवण्यापुरते. निवड मुलाखतीवर. म्हणजे पुन्हा "गाव कोणतं?" पासून सुरुवात.

गंमत म्हणून आम्ही या तालिकेत नरहर कुरुंदकरांना बसवून पाहिलं. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, त्यांच्या व्याख्यानाला माणसं मैलोन्‌मैल चालत यायची, १९८२ साली गेले तरी अजून मराठवाड्यात वाद रंगला की त्यांचं नाव निघतं. पीएच.डी.: नाही, शून्य. नेट: तेव्हा नव्हतीच, शून्य. शोधनिबंध: तज्ज्ञांनी तपासलेल्या, आयोगाच्या यादीतल्या नियतकालिकांत? शून्य धरा. 'जागर', 'रूपवेध', 'शिवरात्र'? या रकान्यात पुस्तकांची सोय नाही. अनुभव: दहापैकी दहा, तेवढं मिळालं. बाकी पदवी-पदव्युत्तरचे काय असतील ते. एकूण बेरीज करून मराठीवाले म्हणाले, "गुरुजी मुलाखतीपर्यंत पोचत न्हाईत." प्राणिशास्त्रवाल्यांनी एवढ्यावर समाधान व्यक्त केलं, की आपण तरी पोचतो.

ज्यांना हे सोसत नाही ते परदेशी जातात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या थिन फिल्मवाल्यांनी दक्षिण कोरियाची वाट केव्हाच पाडून ठेवली आहे, मराठवाड्याची पोरंही तिच्यानंच जातात. भौतिकशास्त्रवाल्यांचा एक वर्गमित्र तिकडं पोस्ट डॉक्टरलला आहे. त्याच्या आईला सगळे विचारतात, पोरगा काय करतो. ती सांगते, "कंपनीत हाय." कारण कोरिया म्हटलं की लोकांना मोबाइल आणि टीव्ही दिसतात, आणि विद्यापीठात आहे म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "परमनंट हाय का?" गंमत अशी, की त्याला पुण्याच्या एका मुलाखतीला ऑनलाइन हजर राहू दिलं नाही, आणि सोलच्या लोकांनी त्याची निवड ई-मेलवर पंधरा दिवसांत केली होती. नायगावहून पुण्यापेक्षा कोरिया जवळ पडतो.

बाकड्यावर बाई नसतात याचा अर्थ तालुक्यात पीएच.डी. झालेल्या बाई नाहीत असा नाही. आमच्याच गल्लीत एक आहेत, वनस्पतिशास्त्रातल्या. जाहिरातींचं संशोधन त्या घरून करतात आणि चौघांपेक्षा लवकर करतात, कारण त्यांना ते नळ यायच्या आत उरकायचं असतं. सासूबाई पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगतात, "सून डॉक्टर हाय आमची, पण तसं घरकाम सगळं येतंय." तीस टक्क्यांची ती राधाकृष्णन फेलोशिप त्यांना लागली तर संशोधनासाठी विष्णुपुरीला रोज जावं लागेल. यावर घरात अजून बैठक झालेली नाही. बैठक फेलोशिप लागल्यावर घेऊ, असं ठरलंय, आणि जाहिरात निघत नाही तोवर घर सुखी आहे.

पोरांच्या लग्नाचं गणित वेगळं. पूर्वी प्राध्यापकाचं स्थळ म्हटलं की मुलीचा बाप गाडी करून यायचा. आता तो आधी फोन करतो आणि त्याला सगळं माहीत असतं. अनुदानित की विनाअनुदानित, १ नोव्हेंबर २००५ च्या आधीचा की नंतरचा, म्हणजे जुनी पेन्शन की नवी, मान्यता आली का, आणि पोस्टसाठी किती एकर गेलं. रक्कम रुपयांत विचारायची आमच्याकडं पद्धत नाही. कोणत्याही संस्थेतली जागा शेवटी एकरातच सांगितली जाते, त्यामुळं महागाई कितीही वाढली तरी भाव समजायला सोपा राहतो. प्राणिशास्त्रवाल्यांकडं एकदा बिलोलीकडचे पाहुणे आले. मध्यस्थानं फेलोशिपचं कौतुक केलं: महिन्याला पन्नास हजार, केंद्र सरकारचे, तीन वर्षं. मुलीच्या वडिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं,

"तीन वर्षांचं हाय म्हणता. मंग लग्न किती वर्षांचं धरायचं?"

आम्हाला विचाराल तर या सगळ्यात फुकट काही जात नाही. शासन निर्णय वाचून त्यातली खोच काढणं, बिंदुनामावलीचा अर्थ लावणं, तहकूब झालेल्या भरतीचा इतिहास तारखेनिशी सांगणं, एका अफवेचे पाच पाठभेद जुळवून मूळ पाठ ठरवणं, ही सगळी अस्सल संशोधनाची कामं आहेत. प्रबंधाला लागलेल्या पाच वर्षांत जेवढी पद्धत शिकले नाहीत तेवढी ही माणसं प्रबंधानंतर शिकली. फक्त हे संशोधन त्यांना स्वखर्चानं करावं लागतं. म्हणून परवा आम्ही हॉटेलात सहज बोलून गेलो, की विद्यापीठानं भाषासंकुल, जैवशास्त्रसंकुल काढली तसं एक प्रतीक्षाशास्त्र संकुल काढावं. विषय तयार आहे, सामग्री तयार आहे, चार जिल्ह्यांत तज्ज्ञ हजारोंनी पडलेत. या चौघांना तिथं पोस्ट डॉक्टरलला घ्यावं, म्हणजे आज जे फुकट करतात तेच महिन्याला पन्नास हजारांवर करतील. सरकारचा एक पैसा वाया जाणार नाही, कारण वाट पाहण्याचा निकाल शंभर टक्के लागतो.

आम्ही थट्टेनं बोललो होतो. बाकडं मात्र एकदम गप्प झालं. प्राणिशास्त्रवाल्यांनी पेपर बाजूला ठेवला. भौतिकशास्त्रवाल्यांनी खिशातून पेन काढला. लोकप्रशासनवाले बाकड्यावरून आमच्याजवळ सरकले आणि हॉटेलवाल्यानं ऐकू नये अशा बेतानं म्हणाले,

"जागा कोणत्या बिंदूवर हैत?"